परत न आलेली किल्ली

१

घरमालकीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक खाष्ट बाई येते, जिन्यात उभी राहून भाडेकरूच्या पाहुण्यांच्या चपला मोजणारी. मी चपला मोजत नाही. मी पावलं ऐकते. खाली माझ्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर भाड्याची एक मोठी खोली, मधे लाकडी तक्तपोशी. वर कोणी चाललं की माणूस दाराशी आहे की खिडकीशी, हे मला खाली बसून कळतं. नऊ वर्षांपूर्वी आमचे हे एका सकाळी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचायला म्हणून कामावर गेले आणि परत आले नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, सगळं झालं. तेव्हापासून या घरात माझ्याशिवाय आवाज करणारं माणूस म्हणजे भाडेकरू, आणि त्याबद्दल मी प्रत्येक भाडेकरूचे मनातल्या मनात आभार मानलेत. तोंडावर अर्थातच तसं दाखवत नाही.

आठ वर्षं वर एक शिंपी राहत होता. त्याच्या मशीनच्या खडखडाटावर मी बोटं मोडायची आणि तो थांबला की मान वर करून बघायची. तो मुलाकडे कायमचा राहायला गेला तेव्हा दोन किल्ल्यांपैकी एकच त्याने हातात ठेवली. दुसरी कुठल्यातरी कोटाच्या खिशात गेली असणार, म्हणाला. शिंप्याकडचे कोट म्हणजे लोकांचे कोट. ती किल्ली कोणाच्या अंगावर फिरत होती, देव जाणे.

खोली नव्याने द्यायची तर घरभाडे कार्यालयाचा तपासनीस येऊन बघून जातो. खिडकीचे गज, जिन्यातला दिवा, दाराची आतली साखळी, कुलूप. फोनवरच त्याने मला बजावलं होतं. "किल्ली परत आली नसेल तर कुलूप बदलायचं, बाई. उद्या आत कोणी शिरलं तर जाब भाडेकरूला नाही, तुम्हाला विचारतात."

आमचा किल्लीवाला नेमका गावाला गेलेला. तपासनीस सकाळी येणार, नवी मुलगी दुपारी सामान घेऊन येणार. मग मी जुन्या घरमालकांची युक्ती केली. लॅचच्या दाराला कडेने एक लांब स्क्रू असतो. तो काढला की किल्ली जाते तो पितळी नळा अख्खा हातात येतो. मी वरच्या दाराचा नळा काढून माझ्या मागच्या दाराला बसवला आणि मागच्या दाराचा वर. पाच मिनिटांचं काम, हे मला ह्यांनीच शिकवलेलं. शिंप्याच्या गिऱ्हाइकाला आता वर शिरता येणार नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात शिरला असता, पण तिथे नेण्यासारखं काय होतं?

तपासनिसाने शिंप्याची किल्ली वरच्या दाराला लावून बघितली. फिरली नाही.

"नवीन टाकलं ना?"

"बदललंय," मी म्हणाले, आणि त्याने कागदावर खूण केली.

२

मुलगी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. सकाळी साडेसहाला जायची, दुपारी अडीचला यायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "काकू, मी सकाळी लवकर उठते, आवाजाचा त्रास नाही ना होणार?" मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, कर गं बाई, हवा तेवढा कर.

मी तिचं नाव कवळीबाई ठेवलं. तिला ते आवडलं. ती एकदा एक चुकलेली कवळी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून तिच्याशी गप्पा मारायला लागली. मी किती दिवसांनी मोठ्याने हसले, हे मला आठवेना. ती वर गेल्यावर मी थोडी रडलेसुद्धा, पण ते असू दे.

बाराव्या दिवशी दुपारी ती जिन्यातून हाक मारायला लागली. मी वर गेले. दार किल्लीने उघडलं होतं, पण चार बोटं उघडून अडकलेलं. आतून साखळी लावलेली होती.

"काकू, तुम्ही आत कोणाला पाठवलं होतं का?"

"मी कोणाला पाठवणार?"

आम्ही हाका मारल्या. फटीतून तिचा पलंग, त्याच्याभोवतीचा निळा पडदा आणि खिडकीचा अर्धा भाग दिसत होता. शेवटी मी विणकामाची लांब सुई आणून, दार ओढून धरून, साखळीचं बोंड खाचेतून सरकवत सरकवत बाहेर काढलं. आत कोणी नव्हतं. खिडक्यांना गज, न्हाणीघराच्या झरोक्यातून मांजरही जाणार नाही. दार एकच.

"सकाळी घाईत दार आपटलं असशील. साखळी उडून बसली," मी म्हणाले.

तिला ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण माझ्या तोंडून ते अगदी खात्रीने निघालं.

३

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी वर जाऊन ते दार आपटून बघितलं. हळू, जोरात, साखळी लोंबती ठेवून, साखळी हाताने झोका देऊन. तीस-चाळीस वेळा तरी आपटलं असेल. शेजारची बाई खिडकीतून डोकावली आणि मी तिला दाराची बिजागरी तपासतेय म्हणून सांगितलं. बोंड खाचेत आडवं घालून चांगलं वीतभर सरकवावं लागतं. ते आपसूक होत नाही. त्याला दोन बोटं लागतात.

तरी मी म्हटलं, लाकूड फुगतं, लोखंड आखडतं, जगात काय काय होतं. एकदा झालं म्हणजे झालं.

पुढच्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी मटार सोलत बसले होते आणि वर कोणीतरी चाललं. दारापासून खिडकीपर्यंत. मग थांबलं. मी मान वरही केली नाही, इतका तो आवाज माझ्या सवयीचा झाला होता. दोन-तीन शेंगा सोलल्यावर मला आठवलं की आज बुधवार आहे आणि मुलगी कारखान्यात आहे.

मी जिना चढले. शेवटच्या पायरीवर होते तेव्हा आत पावलं दाराकडे आली. मी किल्ली पुढे केली होती. तेवढ्यात दाराच्या पलीकडून, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, साखळीचं बोंड खाचेतून सरकल्याचा बारीक आवाज आला. सावकाश, घाई नसल्यासारखा.

खरं तर मी दार ठोठावायला हवं होतं. कोण आहे म्हणून ओरडायला हवं होतं, शेजारच्यांना बोलवायला हवं होतं. मालकीण ना मी? मी उलटी फिरले, भिंतीला हात लावत खाली आले आणि उरलेले मटार सोलले. अडीचला मुलीबरोबर वर गेले, सुई घेऊन. आत कोणी नव्हतं.

"परत आपटलं का गं दार?"

"नाही काकू. आज मी मुद्दाम हळू लावलं होतं."

४

त्यानंतर सोमवारी तिला ताप आला. मला तिने सांगितलंच नाही. काकूंना कशाला उगाच त्रास, असं वाटलं म्हणे. गोळी घेऊन पडदा ओढून झोपली. दाराला साखळी लावायची तिच्या लक्षात राहिली नाही. मी बाजारात गेले होते, दुपारी बाराला परत आले तर ती माझ्या पुढच्या दाराच्या पायरीवर बसली होती. पायात काही नव्हतं. एका हातात माझी विणकामाची सुई होती, दोन वेळा वर नेऊन मीच तिकडे विसरलेली.

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती ग्लास दोन्ही हातांनी धरून बोलली.

"किल्ली फिरली. मला वाटलं तुम्हीच आलात, माझ्या खोकल्याचा आवाज ऐकून. मी काकू म्हणून हाक मारली. कोणी बोललं नाही. मग साखळी लावली. मग चालत आलं आणि पडद्याच्या पलीकडे उभं राहिलं."

"कोण?"

"मी नाही बघितलं. पडद्याखाली पाय आहेत का, तेही नाही, मी बघायलाच तयार नव्हते. काकू, पडदा माझ्या नाकाला लागत होता. तिकडून कोणीतरी तोंड टेकवल्यासारखा."

किती वेळ, ते तिला सांगता येईना. मग केव्हातरी पडदा सरळ झाला. तिने मनाची तयारी करून तो बाजूला केला तर खोली रिकामी होती, आणि साखळी लावलेलीच होती. ती तिने आतून काढली आणि खाली पळाली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. अंग तापलेलं होतं. मी म्हटलं, तापात माणसाला काहीही भास होतात, माझ्या सासूबाई तर तापात छताशी भांडायच्या. ती हसली नाही. तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"काकू, कुलूप खरंच नवीन आहे ना? जुनी किल्ली कोणाकडे राहिलेली नाही ना? खरं सांगा."

५

तो प्रश्न तिने विचारला आणि मला कळलं. तोवर कसं कळलं नाही याची मला अजून लाज वाटते.

शिंप्याची किल्ली वर चालणारच नव्हती. वर आता माझ्या मागच्या दाराचा नळा होता. त्याला तीन किल्ल्या. एक मी मुलीला दिली होती, एक माझ्याकडे होती. तिसरी नऊ वर्षांपूर्वी ह्यांच्या खिशातून गेली ती गेलीच. त्या किल्लीसाठी मी नऊ वर्षं ते कुलूप बदललं नव्हतं. किल्लीवाल्याने किती वेळा सांगितलं, बहिणीने सांगितलं, पोलिसांनीसुद्धा सांगितलं. मी म्हणायची, ते आले आणि त्यांच्याच घराचं दार त्यांना उघडलं नाही तर? आणि मग एका संध्याकाळी, तपासनीस येणार म्हणून, मी ते काढून वर बसवून टाकलं. त्या पाच मिनिटांत मला ह्यांची आठवणही आली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

हे घरात आले की आधी साखळी लावायचे. भर दुपार असली तरी. "चोरांना यायचं असेल तर त्यांनी रीतसर दार वाजवावं," म्हणायचे.

मला भीती वाटली. आणि मागोमाग, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका की मला तिच्यापासून तोंड वळवावं लागलं. किल्ली जिथे लागते तिथे माणूस येणार. ते घरी येत होते आणि मी त्यांना भलत्याच दारात पाठवत होते.

"नवं कोरं आहे," मी मुलीला म्हणाले. "तपासनीस बघून गेलाय."

तिने मान हलवली. विश्वास ठेवला की दमली, मला कळलं नाही. ती म्हणाली, "मी शनिवारपर्यंत मावशीकडे जाते. तोवर तुम्ही काय ते बघा. असं पुन्हा झालं तर मला ही खोली सोडावी लागेल, काकू. मला सोडायची नाहीये."

मलाही ती जायला नको होती. त्या पोरीने माझं घर पुन्हा घरासारखं केलं होतं. पण त्या क्षणी ती जिना चढून कपडे भरायला गेली तेव्हा मी घड्याळ बघत होते, ती केव्हा निघते म्हणून.

६

किल्लीवाला गावाहून आला होता. बुधवारी सकाळी त्याला बोलावलं. वरच्या दाराला त्याने कुलूप घातलं ते खरोखरचं नवीन, डबीतून काढलेलं, तीन किल्ल्यांसकट. ते काम मी तीन आठवड्यांपूर्वी करायचं होतं. तेवढं केलं असतं तर त्या मुलीच्या तोंडाला तो पडदा लागला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं, किल्लीवाल्याला चहा देतानाही कळत होतं.

वरून काढलेला नळा मी त्याच्या हातात दिला. "हा माझ्या मागच्या दाराला बसवून दे."

त्याने तो उलटसुलट करून बघितला. "ह्याच्या किल्ल्या?"

"दोन आहेत."

"आणि तिसरी?"

"तिसरी नाही."

"मग हा जुना कशाला बसवताय? भाडेकरूचं दार पक्कं केलंत आणि स्वतःचं उघडं टाकताय. माझ्याकडे अजून एक नवं आहे पिशवीत. दोन मिनिटांत बसवतो."

"हाच असू दे," मी म्हणाले. "तुला सांगितलं तेवढं कर."

तो मला बरीच वर्षं ओळखतो. पेचकस काढून कामाला लागला. काम झाल्यावर त्याने मागचं दार दोन-तीनदा उघडून लावून बघितलं, साखळीही सरकवून बघितली, आणि जाताना म्हणाला, "आतून साखळी लावत जा, आई." एरवी तो मला बाई म्हणतो.

मी साखळी लावली नाही.

७

गुरुवारी काही झालं नाही. मी सकाळपासून स्वयंपाकघरात बसून होते. चांगली साडी नेसले होते, मग ती बदलून रोजची नेसले, मग परत चांगली. या वयात हे काय चाललंय, असं मोठ्याने म्हणाले आणि माझाच आवाज ऐकून दचकले. वर कोणी नव्हतं. चार वाजता मी जेवले.

शुक्रवारी अकराला ऊन मागच्या पायरीवर आलं होतं. ओट्यावर दूध तापत होतं. मी टेबलाशी दाराकडे पाठ करून बसले होते. समोर तोंड करून बसायचं मी ठरवलं होतं, पण दोन दिवस दाराकडे बघून बघून माझी मान धरली होती, म्हणून खुर्ची फिरवली. एवढंच कारण. मला भीती वाटत होती असं म्हणणार असाल तर तेही खरं आहे.

किल्ली कुलपात गेली. फिरली. दार उघडलं आणि अंगणातली गार हवा माझ्या पाठीला लागली. दार बंद झालं. मग साखळी सरकली, सावकाश, शेवटपर्यंत.

"आलात?" मी म्हणाले.

पावलं दारापासून माझ्याकडे आली आणि खुर्चीच्या मागे थांबली. मी हात मांडीवर घट्ट धरले होते. मला म्हणायचं होतं की रागावले नाही मी, कुठे होतात ते विचारणार नाही, दूध आहे, भाकरी टाकते. नऊ वर्षं मी ही वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. त्यातलं एकही बाहेर पडेना. मी वळून बघणारच होते. खांदा वळलाही होता.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

"अगं," बाहेरून आवाज आला. "उघड गं. किल्ली पडली कुठेतरी माझी."

त्यांचाच आवाज होता. थोडा खरखरीत, लांबून चालत आल्यावर व्हायचा तसा. माझी चूक होणं शक्य नाही. एकवीस वर्षं मी त्या आवाजाबरोबर राहिले होते.

माझ्या मागे काही हललं नाही. मग खुर्चीच्या बाजूने एक हात पुढे आला. लांब, पांढरट, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. त्याने माझ्यासमोर टेबलावर किल्ली ठेवली, अजिबात आवाज न करता. आणि मग तो हात मागे गेला नाही. तिथेच, माझ्या तोंडापाशी, हवेत थांबून राहिला.

बाहेर पुन्हा थाप पडली. "आहेस ना गं घरात?"

दार सहा पावलांवर होतं. मला हाक मारता आली असती. एक शब्द पुरला असता, शब्दही नको, नुसता हुंकार. ओट्यावर दूध वर आलं आणि उतू गेलं, चर्र आवाज झाला, जळका वास सुटला, तरी माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मी त्या हाताकडे बघत राहिले.

पायरीवर ते किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही. चपला घासल्याचा आवाज आला. मग ते हळू बोलले, दाराशी नाही, स्वतःशीच.

"नाही थांबली. बरोबर आहे तिचं."

पावलं पायरी उतरली. अंगणातून, नळाजवळून, फाटकापर्यंत मी ती ऐकली. फाटक उघडलं आणि त्यांनी ते नेहमीसारखं नीट लावून घेतलं.

मग माझ्या समोरची रिकामी खुर्ची सरकली, आणि कोणीतरी टेबलाशी येऊन बसलं.